मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला गेलेली लेक आणि बायोलॉजी: सोलापूरकरांनो, वाट दाखवा

सुईदोरा
नमस्कार मंडळी. मी सोलापुरात पूर्व भागात राहते, घरीच शाळेचे गणवेश शिवते. थोरली लेक यंदा दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. पूर्ण मराठी माध्यम, सेमी नाही. विज्ञान भाग दोन तिचा जीव की प्राण. पेशी, श्वसन, आनुवंशिकता, कुठलंही पान काढा, न बघता समजावून सांगायची. म्हणून हौसेनं अकरावी सायन्सला बायोलॉजी घेतलं.

परवा रात्री मी मशीनवर बसले होते आणि ती शेजारी खाली, सेल डिव्हिजनचा धडा उघडून. प्रत्येक इंग्रजी शब्दावर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिलेले, इतके की छापील ओळ दिसेना. एका शब्दापाशी पेन्सिल थांबली ती थांबलीच. मग पानावर टपकन पाणी पडलं. "आई, मला काय कळंना झालंय गं. मी ढ झाले का?" माझ्या हातातली शिलाई तशीच राहिली.

कॉलेजात अजून मायक्रोस्कोपला हात लावू दिलेला नाही. प्रॅक्टिकलला फळ्यावर आकृती काढतात, मुलं जर्नलात उतरवतात. क्लासमध्ये विचारलं तर म्हणाले, समजून घेत बसू नको, पाठ कर आणि पुढं चल. नाव कुणाचंच घेत नाही, तो माझा हेतू नाही. मी स्वतः दहावीपर्यंत शिकलेय. तिच्याबरोबर बसायची माझी तयारी आहे. कसं बसू, ते सांगा.

लक्ष्य_७२०
ताई, घाबरू नका, पहिले तीनचार महिने सगळ्यांचेच असे जातात. पण एक गोष्ट सरळ सांगतो. नीट, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या ७२० पैकी ३६० मार्क एकट्या बायोलॉजीचे. १८० प्रश्नांत ९० बायोलॉजीचे, बरोबर आला तर चार, चुकला तर एक वजा. तिथे कुणी आकृती काढायला सांगत नाही. एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न् ओळ वाचणं आणि रोज प्रश्न सोडवणं, एवढंच उपयोगी पडतं. मायक्रोस्कोप वगैरे ठीक आहे, पण त्यात दुपार घालवू नका.

फळाखडू
सुईदोरा ताई, मी तीस वर्षांहून जास्त काळ ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमची मुलगी ढ नाही. तिला तो धडा आधीपासून येतोय. फक्त हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

तिचं दहावीचं विज्ञान भाग दोन रद्दीत दिलं नसेल अशी आशा आहे. त्यातला सजीवांतील जीवनप्रक्रियांचा पहिला भाग काढा. सूत्री विभाजन आहे, अर्धगुणसूत्री विभाजन आहे. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. हे तिचं पाठ असणार. अकरावीच्या पुस्तकात तेच चौघे जण इंग्रजी कपडे घालून आलेत: प्रोफेज, मेटाफेज, अ‍ॅनाफेज, टेलोफेज. ग्लुकोज-विघटन म्हणजे ग्लायकोलिसिस, तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, हरितलवक म्हणजे क्लोरोप्लास्ट.

म्हणून छापील ओळीवर अर्थ लिहिणं आजपासून बंद. ओळीवर अर्थ लिहिला की डोळा मराठीवरच जातो, इंग्रजी शब्द नजरेत बसतच नाही. त्याऐवजी आधी दहावीच्या पुस्तकातला तो भाग मराठीत वाचायचा, पुस्तक मिटून तुम्हाला सांगायचा, मग अकरावीचा धडा उघडायचा. गोष्ट ओळखीची असली की शब्द परका राहत नाही. आणि शब्द फोडायला शिकवा. लायसिस म्हणजे फुटणं, तुटणं. जेनेसिस म्हणजे तयार होणं. साइट शेपटाला आला की समजायचं पेशीबद्दल चाललंय. अशी वीस-पंचवीस शेपटं आणि डोकी पाठ केली की शेकडो शब्द आपोआप सुटतात. पाठांतर लागतंच, पण ते इथे.

तुम्ही शिवणकाम करता म्हणून एक गोष्ट तुम्हालाच सांगतो, तुम्ही तिला सांगा. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर जवळजवळ दोन मीटर भरतो. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रकात मावतो, कारण तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. विभाजनाच्या वेळी तर तो आणखी घट्ट गुंडाळला जातो, तेव्हाच गुणसूत्रं दिसू लागतात. का गुंडाळायचा? मोकळा दोरा दोघांत वाटायला गेलात तर गुंता होईल. कांडी (धाग्याचं छोटं रीळ) भरलेली असली की ही तुला, ही मला, असं सरळ वाटता येतं. प्रोफेज म्हणजे कांडी भरणं. एवढं तिला तुमच्या तोंडून कळू द्या.

लक्ष्य_७२०, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण आकृतीबद्दलचं म्हणणं मला मान्य नाही. नीटमध्ये आकृती काढायला लागत नाही, ओळखायला लागते, आणि ज्यानं ती स्वतः काढली नाही तो आकृतीतल्या अ आणि ब या खुणांमध्ये अडकतो. शिवाय बोर्डाचे ७० मार्क लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे आहेत. तिथे हात चालावाच लागतो.

पाण्याचा_थेंब
मी एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. ताईंनी लिहिलेलं वाचून वाईट वाटलं, कारण हे मी रोज बघतो. कपाटात मायक्रोस्कोप असतात. वर्षभर न काढल्यानं पावसाळ्यात भिंगावर बुरशी येते, मग "खराब आहेत" म्हणून पुन्हा कपाटात. मुलांनी हाताळले तर मोडतील या भीतीनं न वापरता सडतात. मी माझ्यापुरतं ठरवलंय, दर बॅचला निदान कांद्याचा पापुद्रा प्रत्येकानं स्वतः लावायचा.

तिला आधी माहीत असलेलं बरं म्हणून सांगतो. कांद्याची मांसल पाकळी आतल्या बाजूनं मोडायची, पारदर्शक पापुद्रा चिमट्यानं ओढायचा, पाण्यात टाकायचा म्हणजे गुंडाळत नाही. सॅफ्रॅनिन या लाल रंगाचा एक थेंब, थोडा वेळ, मग धुवायचं. काचपट्टीवर ग्लिसरीनचा थेंब, त्यावर पापुद्रा, आणि कव्हर स्लिप आडवी टाकायची नाही. एक कड टेकवून, सुईच्या आधारानं हळूहळू खाली आणायची. नाहीतर हवा अडकते. दर वर्षी निम्मी मुलं हवेचा बुडबुडा बघून "सर, पेशी दिसली" म्हणून आनंदानं ओरडतात. जाड काळी गोल कड दिसली की तो बुडबुडा. पेशी विटांसारख्या, एकमेकींना चिकटून. आधी १० च्या भिंगाखाली, म्हणजे शंभर पट. तिथे नीट दिसलं की मगच ४५ चं.

ताई, तिच्या कॉलेजात भांडायला जाऊ नका. तिला दोन मैत्रिणी घेऊन प्रयोगशाळेतल्या माणसाला भेटायला सांगा: "आम्ही कांदा आणतो, दहा मिनिटं द्याल का?" मुलांनी स्वतःहून विचारलं की नाही म्हणणारा माणूस मी फारसा पाहिला नाही. तरीही जमलं नाही तर इथेच कळवा, आमच्या मॅडमना विचारून बघतो.

भगवा_डाळिंब
सांगोल्याकडचा शेतकरी आहे, बीएस्सी अ‍ॅग्री झालोय. सायन्स घेतलेल्या सोलापूर जिल्ह्यातल्या पोरांना माझं एकच सांगणं, सुट्टीत शेतावर या. बारावीचं अर्धं पुस्तक इथे उभं आहे.

डाळिंबाची रोपं आम्ही बियांपासून करत नाही, गुटी कलम बांधतो. फांदीची साल बोटभर गोल काढायची, ओलं शेवाळ लावून प्लास्टिकनं आवळायचं, महिना-दीड महिन्यात मुळं फुटतात. शाकीय प्रजनन. म्हणून पूर्ण बाग एका झाडाची जुळी भावंडं. फळं सगळी सारखी, हा फायदा. पण तेल्या रोग आला की सगळ्यांनाच सारखा झोडपतो. तो झॅन्थोमोनास नावाच्या जिवाणूचा रोग. पानावर, फळावर तेलकट डाग, मग फळ तडकतं. माझी २ एकर बाग त्यात गेली आहे. वैविध्य नसलं की काय होतं हे त्या वर्षी मला पुस्तकाशिवाय कळलं.

बहार धरतानाही तेच. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, मग इथ्रेल फवारायचं, पानं गळतात, पाणी सोडलं की नवी पालवी आणि कळी एकदम. इथ्रेलमधून झाडात इथिलीन तयार होतं. बारावीला वनस्पतींच्या वाढीच्या धड्यात इथिलीनचं काम काय, पानगळ आणि फळ पिकणं, असं एक वाक्य येतं. आमच्याकडचा दहावी नापास गडीसुद्धा ते वाक्य हातानं जगलेला असतो.

आणि केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापूर शहराला लागून. तिथे काढलेला 'सोलापूर लाल' हा वाण लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व जास्त असलेला आहे. बायोफोर्टिफिकेशन (पिकातच पोषण वाढवणं) म्हणजे काय, असा प्रश्न बारावीला येतो तेव्हा पोरं परदेशातली उदाहरणं लिहितात. आपल्या गावचं लिहा की.

सुईदोरा
तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. सरांची कांडीची गोष्ट काल तिला सांगितली. माझ्या सासूबाई हातमागासाठी कांड्या भरायच्या, त्याही ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "कांडी सैल भरली की धागा तुटतो." लेक एकदम वळली आणि म्हणाली, "आजी, तसंच होतं, गुणसूत्र नीट वेगळं झालं नाही की चूक होते." मग तिनं नववीचं पुस्तक आणलं, डाऊन सिंड्रोमचं पान आम्हा दोघींना वाचून दाखवलं. रात्री साडेअकरा वाजले. कित्येक आठवड्यांनी तिचा आवाज असा ऐकला.

एक शंका. प्रकाशसंश्लेषणाचा धडा पुढे आहे. त्यात सी-थ्री, सी-फोर असं काही आहे, तिच्या मैत्रिणींना त्याचीच फार भीती आहे.

फळाखडू
ताई, सी-फोर सोलापूरच्या पोरांनी घाबरावं असा विषयच नाही. तुमच्या ताटातली भाकरी सी-फोर आहे.

पानात हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं विकर (एन्झाइम) म्हणजे रुबिस्को. त्याची एक खोड आहे. ऊन वाढलं की ते कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडायला लागतं, आणि झाडाची मेहनत वाया जाते. याला प्रकाशश्वसन म्हणतात. तूर, भुईमूग, गहू ही सी-थ्री, त्यांना हा तोटा सोसावा लागतो. ज्वारी, ऊस, मका यांनी वाट काढली. पानाच्या बाहेरच्या पेशींत पेप कार्बोक्सिलेज नावाचं दुसरं विकर कार्बन डायऑक्साइड पकडतं. ते ऑक्सिजनला फसत नाही. तयार होणारा पहिला पदार्थ चार कार्बनचा, म्हणून नाव सी-फोर. तो आतल्या पेशींत नेऊन तिथे कार्बन डायऑक्साइड सोडला जातो. रुबिस्को आत कोंडलेलं, आजूबाजूला कार्बन डायऑक्साइड भरपूर, मग त्याला चूक करायला वावच उरत नाही.

या आतल्या पेशी शिरेभोवती गोल बसलेल्या असतात. त्या रचनेला क्रांझ म्हणतात. जर्मन शब्द आहे, अर्थ फुलांचा गोल हार. आपण गजरा म्हणूया. शिरेभोवती गजरा, हे तिनं एकदा डोळ्यांसमोर आणलं की आकृती चुकणार नाही. १९६० च्या दशकात हवाईत कोर्टशाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसात पाहिलेलं हे प्रसिद्ध केलं. पुढे ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी पूर्ण मार्ग उलगडला. पुस्तकात हॅच-स्लॅक मार्ग येतो तो हाच.

एक गोष्ट मुलं हमखास चुकतात. सी-फोर म्हणजे कमी पाण्याचं पीक, असं लिहून येतात. सी-फोर झाड एक किलो वाढीसाठी कमी पाणी वापरतं, हे खरं. पण ऊस वर्षभर, कधी दीड वर्ष रानात उभा असतो, म्हणून त्याला एकूण पाणी प्रचंड लागतं. आपली मालदांडी ज्वारी रब्बीत काळ्या रानातल्या ओलीवर चार महिन्यांत निघते. दोन्ही सी-फोर. आपल्या जिल्ह्यात हा फरक न कळणं परवडणारं नाही.

बारावी_ब
सर, मी बारावीत आहे. एक विचारू का? इनहेरिटन्सच्या धड्यात पेडिग्री चार्ट (वंशावळीचा तक्ता) काढताना जवळच्या नात्यातलं लग्न दुहेरी रेघेनं दाखवतात. आमचे आई-वडील मामा-भाची आहेत. आमच्या समाजात हे नेहमीचं. वर्गात दोन-तीन मुलं माझ्याकडे वळून बघत होती. तेव्हापासून तो धडा उघडावासा वाटत नाही. आमच्यात काहीतरी वाईट आहेच, असं विज्ञान म्हणतं का?

रात्रपाळी
बाळा, मी सरकारी रुग्णालयात नर्स आहे, आणि माझ्या माहेरीही असंच लग्न आहे. विज्ञान तसं म्हणत नाही.

प्रत्येक माणसाच्या अंगात काही दबलेले, अप्रभावी दोष असतातच. तुझ्यात, माझ्यात, वळून बघणाऱ्यांतही. त्या जनुकाची दुसरी प्रत चांगली असते म्हणून ते दिसत नाहीत. मामा-भाचीत सरासरी पाव जनुकं सारखी असतात, म्हणून दोघांकडे एकच दबलेला दोष असण्याची शक्यता परक्या जोडप्यापेक्षा जास्त. जास्त म्हणजे नक्की नव्हे. दोघांकडे तोच दोष नसेल तर त्या दोषापुरतं नातं कितीही जवळचं असलं तरी काही होत नाही.

आणि हे परीक्षेलाही लिही, घरीही सांग. दोघेही वाहक, म्हणजे तोच दबलेला दोष बाळगणारे असतील तर मूल आजारी होण्याची शक्यता प्रत्येक बाळंतपणाला चारात एक. प्रत्येक वेळी नव्यानं. "पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन सुटली" असं समजून आलेल्या आयांना मी थॅलेसेमियाच्या वॉर्डात भेटले आहे. रक्ताची एक तपासणी लग्नाआधी केली असती तर वाहक आहोत की नाही हे आधीच कळलं असतं. तू तो चार्ट तुझ्या घरचा काढ. आजी-आजोबांना विचारून, तीन पिढ्यांचा. वर्गात तुझ्याइतका चांगला कुणालाच जमणार नाही.

जुळे_सोलापूरकर
मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मराठी माध्यमातूनच आलो. परीक्षेबद्दल थोडं. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही घेता येते, सोबत इंग्रजी छापलेलं असतं, आणि शंका आली तर इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरतात. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेलाही बायोलॉजी मराठीत आहे: १०० प्रश्न, ९० मिनिटं, वजा मार्क नाहीत, साधारण २० टक्के अकरावीचं आणि उरलेलं बारावीचं. फार्मसी किंवा कृषीचा विचार असेल तर ती परीक्षा दुर्लक्षित करू नका. पण मी स्वतः पेपर इंग्रजीतच दिला, कारण सराव सगळा इंग्रजीत झाला होता. मराठीत विचार केला, इंग्रजीत खुणा केल्या. आजही शरीरातलं काही अवघड वाटलं की आधी मराठीत मनाशी बोलतो.

पुस्तकं विकत घ्यायची घाई नको, बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

माळरान
पर्यावरणाचे धडे आले की नान्नजच्या माळढोक अभयारण्यात एकदा जाऊन या, शहरापासून जवळच आहे. माळढोक पक्षी आता क्वचितच दिसतो, त्याच्या आशेनं जाऊ नका. कुसळी गवत, नाकतोडे, काळवीट, नशीब असेल तर लांडगा. अन्नसाखळी पायाखाली असते. माळ म्हणजे पडीक जमीन, हा समज मुलांच्या डोक्यातून तिथेच जातो. माळढोक बहुधा एकाच वेळी एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. ती उघडी जागा कशी असते, हे पाहिलं की तो का संपत आला ते वेगळं सांगावं लागत नाही.

लक्ष्य_७२०
फळाखडू सर, सी-फोरचं तुमचं उत्तर माझ्या बॅचला वाचून दाखवलं. गजऱ्याची आकृती मुलांकडून काढून घेतली. आकृतीबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेतो.

सुईदोरा
सांगायला आले. लेक आणि तिच्या दोन मैत्रिणी कांदा घेऊन प्रयोगशाळेत गेल्या. तिथल्या काकांनी खरंच मायक्रोस्कोप काढून दिला. घरी आल्यावर चप्पलसुद्धा न काढता सांगत होती. पहिल्यांदा बुडबुडाच दिसला, पण तिनं ओळखला, तुमच्या लिहिण्यामुळे. मग विटांची भिंत, आणि प्रत्येक विटेत गुलाबी ठिपका. केंद्रक. "आई, हे रोज आपण फोडणीत टाकतो गं."

सर, तिनं तुम्हाला एक प्रश्न विचारायला सांगितलाय. कांदा वनस्पतीच आहे, मग त्या पेशींत हिरवे हरितलवक का दिसले नाहीत? तिला वाटतंय तिचं काहीतरी चुकलं.

फळाखडू
तिचं काही चुकलं नाही. तीस वर्षांत हा प्रश्न मला फार थोड्या मुलांनी विचारला.

कांद्याच्या पाकळ्या म्हणजे पानांचे साठवणीचे भाग, जमिनीत अंधारात वाढलेले. उजेड नाही तर हरितलवक कशाला? तिला म्हणावं, एक कांदा खिडकीत वाटीभर पाण्यावर ठेव, बूड फक्त पाण्याला टेकेल असा. तीन-चार दिवसांत खाली पांढरी मुळं येतील. ती सकाळी कापून काकांकडे ने, त्या टोकांत तिला प्रोफेजपासून टेलोफेजपर्यंत सगळं सापडेल. कांद्याची गुणसूत्रं सोळा असतात. वर हिरवा कोंब येईल, त्याचा पातळ काप घे आणि आतल्या पेशी बघ.

आणि शेजारीपाजारी कुणाकडे रिओ असेल, खालून जांभळं पान असलेलं कुंडीतलं झाड, तर त्याच्या खालच्या बाजूचा पापुद्रा काढायला सांगा. सगळ्या पेशी जांभळ्या असतील आणि मधेमधे जोडीजोडीनं हिरव्या. त्या जोड्या कशासाठी, हे तिनं मला इथे येऊन सांगायचं. मी वाट बघतोय.